ड्रॅगन राहू द्या, आधी रविवार ठरवा

डन्जन मास्टर व्हायचं तुम्ही मनावर घेतलंय, हे ऐकून आनंद झाला. वाईटही वाटलं, पण ते ओघात येईलच.

ज्यांना अजून या प्रकाराची लागण झालेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच धडधाकट, कमावती माणसं एका टेबलाभोवती बसतात. त्यातला एक, म्हणजे डन्जन मास्टर, समोर काय दिसतंय ते सांगतो: गुहा आहे, पूल आहे, पुलाखाली काहीतरी फुत्कारतंय. बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात. जमलं की फसलं, हे फासे ठरवतात. गोष्ट एका बैठकीत संपत नाही, महिनोन्महिने चालते. तिला कॅम्पेन म्हणतात. कॅम्पेनच्या शेवटी ड्रॅगन असतो. तिथवर पोचलेली माणसं माझ्या पाहण्यात फारशी नाहीत, पण असतो म्हणतात.

पुढच्या पायऱ्या क्रमाने कराव्यात. क्रम चुकला तरी निकाल तोच लागतो.

१. सामान आणा

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या घराण्याचा मूळपुरुष. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावातून १९७४ साली तो बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक. तीन पातळ पुस्तिका, एक डबा, किंमत दहा डॉलर, पहिली खेप हजार डब्यांची. गिऱ्हाइकाने हौसेने डबा उघडावा, तर आत लिहिलेलं की खेळायला आणखी एक नियमांचं पुस्तक लागेल, आणि दुसऱ्याच कंपनीचा, रानात वाट चुकण्यावरचा एक बोर्ड गेमही लागेल. फासे वेगळे. त्याच यादीत आलेखाचे कागद आणि रंगीत पेन्सिली यांच्या पंगतीला कल्पनाशक्ती आणि एक सहनशील पंच असेही दोन नग होते. ते कुठल्या दुकानात मिळतात, याबद्दल यादी गप्प आहे.

आता दिवस बदललेत. २०२३ पासून या खेळाचे गाभ्याचे नियम कुणालाही फुकट वापरायला खुले आहेत. म्हणजे एक रुपया न घालवता खेळता येतं. तसं केलंत तर तुम्हाला कुणी गंभीरपणे घेणार नाही. तीन जाड पुस्तकं घ्या, ती फडताळात कणा बाहेर करून लावा. सात फाशांचा एक सेट येतो, तो एकच पुरतो. तुम्ही नऊ घ्याल. त्यात एक धातूचा असेल. तो टेबलाच्या काचेवर टाकू नका, काच आईची आहे.

२. माणसं जमवा

मूळ नियमांत एका कॅम्पेनला चार ते पन्नास खेळाडू चालतील असं म्हटलंय, आणि वीस खेळाडूंमागे एक पंच असं प्रमाण दिलंय. विस्कॉन्सिनमध्ये हिवाळा लांबतो, बाहेर बर्फ असतं, लोकांना उद्योग नसावा. तुम्ही चारवर समाधान माना.

या खेळातला सर्वांत बलाढ्य शत्रू कुठल्याही राक्षसकोशात दिलेला नाही. तो स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असतो आणि त्याच्या मागच्या पानावर दुधाचा हिशेब असतो. ग्रुपवर विचारा: "रविवारी चार वाजता?" उत्तरं येतील ती अशी वाचावीत. अंगठा म्हणजे वाचलं. 'बघतो' म्हणजे नाही. 'नक्की!!' म्हणजे शनिवारी रात्री कळवेन की नाही. 'पाचला पोचतो, पण सहाला निघावं लागेल' असं लिहिणारा हा तुमचा सर्वांत निष्ठावान खेळाडू, त्याला जपा.

अनुभवी मंडळी कॅम्पेनचा नारळ आषाढीनंतर फोडतात. चातुर्मासात लग्नं नसतात, पाऊस असतो, माणसं घरात सापडतात. मधले गणपती आणि नवरात्र तेवढे सोडून द्यायचे. पण तुळशीचं लग्न लागलं की संपलं. तुमचा शूर योद्धा मामेबहिणीच्या पंगतीत जिलेबी वाढत असतो आणि जादूगार वऱ्हाडाच्या बसचं भाडं ठरवत असतो. ड्रॅगनला तोवर झोपवून ठेवा. ड्रॅगन शतकानुशतकं झोपतात असं पुस्तकातच आहे. ते कशासाठी लिहिलंय ते तुम्हाला आता कळेल.

३. जग निर्माण करा

हे काम एकट्याने आणि रात्री करायचं असतं. आधी खंड काढा, खंडावर नद्या सोडा. (नद्या उतारावरूनच वाहू द्या. भूगोलाचा अभ्यास केलेला एक खेळाडू असतोच, तो नेमकं तिथे बोट ठेवतो.) मग राजघराणी, त्यांच्या वंशावळी, नाणी, पंचांग, सात देव आणि त्यांची आपसातली भांडणं. कल्पना सुचेनाशा झाल्या तर १९७९ ची 'डन्जन मास्टर्स गाइड' उघडा. खोलीत वास कसला येतोय, अंधारातून आवाज कसला येतोय, वाऱ्याची झुळूक आहे की नाही, हेसुद्धा फासे टाकून ठरवायचे तक्ते गायगॅक्सने त्यात दिलेत. वनौषधींचे गुणधर्म आहेत. पात्राला जंत होण्याची शक्यता किती, तेही आहे.

हे सगळं वाचून, वहीत उतरवून, नकाशाच्या कडा चहाने जुनाट करून तुम्ही तयार झालात की निश्चिंत राहा. यातलं कुणी काहीही विचारणार नाही.

४. पात्रं करून घ्या

प्रत्येक पात्राला सहा गुण असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. जुनी पद्धत अशी की साधे तीन फासे टाकायचे, बेरीज मांडायची, नशिबी येईल ते घ्यायचं. सरासरी साडेदहा पडते, म्हणजे पात्र निघतं तुमच्या-आमच्यासारखं. हे कुणालाच मानवत नसल्याने पुढे चार फासे टाकून सगळ्यांत लहान आकडा सोडून द्यायची सवलत आली. तिच्यानेही भागत नाही. एक खेळाडू म्हणेल, "मी घरूनच टाकून आणलेत," आणि कागदावर अठरा, अठरा, सतरा, अठरा असे आकडे दाखवेल. हसून कागद परत द्या. जंतांचा तक्ता याच लोकांसाठी आहे.

मग पूर्वायुष्य. एक जण चाळीस पानं लिहून आणतो: जळालेलं गाव, मारलेले आईवडील, छातीवरची गूढ खूण. या जगात आईवडील हयात असलेला नायक शोधून सापडत नाही, आणि त्याला कारण आहे: आईवडील असते तर त्यांनी गुहेत जाऊ दिलं नसतं. दुसऱ्याला विचारा, तुझं पात्र कोण? तो म्हणतो, "ऑर्क. कुऱ्हाड." चाळीस पानांवर दोन महिने मेहनत घ्या. कॅम्पेन शेवटी कुऱ्हाडवालाच तारतो, हे त्या लेखकाला कळू देऊ नका.

पात्राची वृत्तीही ठरवायची असते. सज्जनपणा आणि शिस्त यांच्या जोड्या लावून नऊ खाने केलेले आहेत. त्यातला 'केऑटिक न्यूट्रल' हा खाना ज्याने निवडला, त्याच्यापासून पाकीट सांभाळा. तो साथीदारांचे खिसे कापेल, राजदूताच्या अंगावर कोंबडी फेकेल, आणि जाब विचारलात तर म्हणेल, "मी काय करू? माझं पात्र असंच वागेल." हे वाक्य कानावर पडलं की उठून पाणी पिऊन या.

५. सराईत सुरुवात करा

सुरुवात सराईत होते. का, ते विचारू नका. कोपऱ्यात डोक्यावरून घोंगडी घेतलेला एक म्हातारा असतो, त्याच्याकडे नकाशा असतो. तुम्ही प्रास्ताविक वाचा: अंधारयुग, भंगलेलं सिंहासन, सात देवांचा शाप. घसा खरवडून वाचलेला शेवटचा परिच्छेद संपला की टेबलावर शांतता पसरते. मग कुऱ्हाडवाला विचारतो:

"तो बिअर आणून देणारा पोऱ्या आहे ना, त्याचं नाव काय?"

वहीत दोनशे नावं आहेत. राजांची आहेत, राजांच्या घोड्यांची आहेत. पोऱ्याचं नाही. टेबलावर नजर टाका, तिथे एक ताटली आहे.

"फ... फर्सान."

"फर्सानचे आईवडील?"

"नाहीत."

"अरेरे."

झालं. आता हा मुलगा दत्तक गेला. तिसऱ्या बैठकीपर्यंत त्याच्याकडे छोटी तलवार, एक तट्टू आणि लुटीत वाटा असेल. नकाशावाला म्हातारा कोपऱ्यात तसाच बसून राहील. त्याची बिअर गरम झाली असेल. विरोध करू नका, रुसूही नका. रात्री घरी जाऊन वंशावळीत खाडाखोड करा आणि फर्सानला हरवलेला राजपुत्र करून टाका. महिनाभराने हे रहस्य उलगडेल, तेव्हा चौघंही म्हणतील की आम्हाला पहिल्यापासून वाटलंच होतं, काय बांधलंयस तू हे! मान खाली घालून स्तुती स्वीकारा.

इथेच या विद्येचं बीज आहे, म्हणून जरा थांबतो. खेळाडूंना वाटेल तिकडे जाऊ द्यावं असं सगळी पुस्तकं सांगतात. जरूर जाऊ द्या. त्यांनी उत्तरेची वाट धरली तर गुहा उत्तरेला आहे. दक्षिणेची धरली तर तीच गुहा, त्याच तीन कोळ्यांसकट, दक्षिणेला आहे. त्यांचं स्वातंत्र्य अबाधित ठेवा, गुहा हलती ठेवा.

६. आवाज काढा

अमेरिकेत २०१५ पासून काही व्यावसायिक आवाज-कलाकार आपला खेळ जगाला दाखवत खेळतात. 'क्रिटिकल रोल' हे त्याचं नाव. त्यांची पहिली कॅम्पेन ११५ भागांची झाली, आणि एकेक भाग काही तासांचा. तिचा डन्जन मास्टर मॅथ्यू मर्सर गवळणीपासून महासर्पापर्यंत सगळ्यांचे वेगवेगळे आवाज काढायचा. तुमच्या खेळाडूंनी हे पाहिलेलं असणार आणि तुमच्याकडून तेच अपेक्षिणार. त्याला त्याचे पैसे मिळायचे, ही गोष्ट सौम्यपणे निदर्शनास आणा.

ड्वार्फ म्हणजे खाणीतला बुटका. त्याने स्कॉटिश हेल काढायचा असा जगभर अलिखित दंडक आहे. तुम्हाला स्कॉटिश येत नसेल तर मालवणी चालते. बुटका मालवणीत तापला की कुऱ्हाड काढायची वेळ येत नाही.

७. सापळे लावा

आपले खेळाडू फार शहाणे झाले अशी शंका आली, की गायगॅक्सने काय केलं ते पाहा. त्याने 'टूम ऑफ हॉरर्स' नावाचं एक थडगं रचलं, १९७५ साली एका स्पर्धेत लोकांना त्यात सोडलं आणि १९७८ मध्ये ते छापलं. आत शिरताच भिंतीवर सैतानाचा एक हिरवा चेहरा आहे, आ वासलेला, तोंडात गडद अंधार. त्यात जो शिरेल तो नाहीसा होतो. जखमी नाही, बेशुद्ध नाही. नाहीसाच. तरी एक जण आत गेला की दुसरा म्हणतो, "तो पलीकडे पोचला असेल," आणि मागोमाग जातो.

तुम्हाला इतकं करायची गरज नाही. साधं एक दार ठेवा. दाराला कडी नाही, कुलूप नाही, मागे काहीही नाही. खेळाडू पाऊण तास घेतील. दहा फुटी बांबूने दार ढोसतील, कान लावतील, फटीतून तेल सोडतील, एक जण दाराशी सामोपचाराने बोलून पाहील. तुम्ही फक्त अधूनमधून कुणाला न दिसेल असा एक फासा टाका, वहीत काहीतरी लिहा आणि "बरं..." म्हणा.

८. राक्षस निवडा

राक्षसकोशातल्या प्राण्यांच्या कुळाची चौकशी करू नये. घुबडाचं डोकं आणि अस्वलाचं धड असलेला 'आउलबेअर' आणि लोखंडाला गंज चढवून ते खाणारा 'रस्ट मॉन्स्टर' हे दोघे हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांवरून बेतलेले आहेत. तरी त्यांच्यापुढे भलेभले पळतात.

आपल्याकडच्या टेबलावर पंचाईत होते ती दुसरीच. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये चक्क 'राक्षस' याच नावाचा एक प्राणी आहे. वाघाचं डोकं, अंगात झुळझुळीत झगा, हातात चिलीम. आणि तो मरतो कसा, तर धर्मगुरूने मंत्रून दिलेला आडव्या धनुष्याचा एक बाण लागला की जागच्या जागी. कुंभकर्णाच्या वेळी ही माहिती कुणाकडे नव्हती, नाहीतर बरीच दगदग वाचली असती. तुम्ही गंभीर आवाजात हे वर्णन वाचत असताना टेबलावर कुणीतरी फुटणार, हे धरून चाला. १९८० च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये तर इंद्र, अग्नी, वरुण यांनाही किती घाव सोसतील याचे आकडे लावून दिलेत. ते पान आजीसमोर उघडू नका.

९. लढाई चालवा

सध्याच्या नियमांत लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते. ती खेळायला अर्धा तास लागतो. आपली पाळी आली की खेळाडू फोनमधून डोकं वर काढतो आणि विचारतो, "हं, काय चाललंय?" मग त्याला सगळं पहिल्यापासून सांगा. तोवर पुढचा फोनमध्ये गेलेला असतो. या सगळ्यात तुमची अवस्था मंगल कार्यालयातल्या वधूपित्यासारखी: सगळ्यांच्या पानात काय पडतंय ते पाहत हिंडायचं, स्वतः उपाशी. (वडापाव मागवायचं काम खेळाडूंवर सोपवा. तो निर्णय ते एकमताने आणि वेळेत घेतात, एवढा एकच.)

आणि प्रत्येक टेबलावर एक नियमपंडित असतो. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला गणित घाला. जुन्या आवृत्तीत अग्निगोल, म्हणजे फायरबॉल, मिळेल त्या जागेत पसरत असे, सुमारे ३३,००० घनफूट भरेपर्यंत. तर जादूगाराने उत्साहाने बोगद्यात अग्निगोल टाकला, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, की पंडिताकडे वळून शांतपणे म्हणा:

"बोगदा दहा फूट रुंद, दहा फूट उंच."

पंडिताचे ओठ हलू लागतात. "म्हणजे लांबी तीनशे तीस. दोन्हीकडे एकशे पासष्ट." मग त्याचा चेहरा बदलतो. "आपण कितीवर उभे आहोत?"

"साठ."

१०. फासे सांभाळा

वीस बाजूंच्या फाशावर वीस पडण्याची शक्यता प्रत्येक वेळी विसात एक, म्हणजे पाच टक्के. तुमच्या टेबलावर दोन इंजिनिअर असतील आणि एकीची संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली असेल. ही तिघंही वाईट पडलेला फासा उचलून वाटीखाली शिक्षेला ठेवतात आणि दुसऱ्याच्या फाशाला हात लावत नाहीत. त्यांना काही समजावू नका. तुमच्यापुढे एक उभा पुठ्ठा असतो, त्याच्या आड तुम्ही फासे टाकता, आणि काय पडलं ते फक्त तुम्हाला दिसतं. फर्सानच्या छातीवर ऑर्कचा भाला आला, फासा टाकलात, वीस पडले. चार चेहरे तुमच्याकडे बघतायत.

"सात," म्हणा. "हुकला."

११. कॅम्पेन संपवा

कॅम्पेन संपवावी लागत नाही. एकाची बदली बेंगळुरूला होते, एकीचं बाळंतपण येतं, पंडित वेगळ्या आवृत्तीचा अनुयायी होतो. ग्रुपवर 'या रविवारी?' या प्रश्नाखाली तीन आठवडे काही येत नाही, मग एका 'शुभ सकाळ'ने तो प्रश्न वर सरकतो आणि दिसेनासा होतो. ड्रॅगनच्या गुहेची सोळा पानं तशीच राहतात. वाया गेली समजू नका. नद्यांची नावं बदला, सात देवांतले दोन कमी करा आणि नव्या माणसांना सांगा की खास तुमच्यासाठी नवीन जग रचलंय.

१२. घरच्यांना सांगा

ही पायरी शक्यतो टाळा. अमेरिकेत १९८० च्या दशकात पालकांना भीती पडली होती की पोरं या खेळातून सैतानाच्या नादी लागतात. १९८२ साली त्यावर एक टीव्ही चित्रपटही आला. त्यात तरुण टॉम हँक्स असाच खेळ खेळता खेळता भ्रमिष्ट होतो. आपल्याकडे सैतानाचं एवढं नाही. आपल्याकडे विचारतात, एवढ्या वेळात एखादा कोर्स झाला नसता का.

तेव्हा रात्री साडेदहाला, घसा बसलेला, पुस्तकांची पिशवी खांद्यावर, असे घरात शिरलात की बाबा टीव्हीचा आवाज कमी करून विचारतील, "मग, जिंकलं कोण?"

या खेळात कुणी जिंकत नसतं, सगळे मिळून गोष्ट रचतात, हे त्यांना उभ्या उभ्या सांगत बसू नका. "मी" म्हणा, आणि आमटी गरम करायला ठेवा.